स्पॅनिशचा नकार, स्पॅनिशचा हुकूम

स्पेन, विषुववृत्तीय गिनी आणि मेक्सिकोपासून अर्जेंटिना-चिलीपर्यंत पसरलेले अमेरिका खंडांतील अठरा देश, अशा एकंदर २० देशांचा कारभार ज्या भाषेत चालतो, ती स्पॅनिश भाषा शिकण्याची आकांक्षा आज मुंबई-पुण्यातील, नागपुरातील आणि पणजीतील अनेक तरुणांच्या ठिकाणी उत्पन्न झाली आहे, ही गोष्ट सर्वथा स्वागतार्ह होय. परंतु ती भाषा त्यांच्यापर्यंत बहुधा इंग्रजीच्या वाटेने येते, इंग्रजी भाषकांच्या अडचणी ध्यानात घेऊन रचलेल्या पुस्तकांतून येते, आणि मराठी मनुष्याला जे उपजतच अवगत आहे तेच अवघड म्हणून त्याच्यापुढे मांडले जाते, याचा मला मनापासून खेद वाटतो. या म्हणण्याला आधार म्हणून मी त्या भाषेच्या प्रारंभिक अभ्यासक्रमातील दोनच प्रकरणे घेतो. एक होकारार्थी व नकारार्थी शब्दांचे, आणि दुसरे आज्ञार्थाचे. विद्यार्थी सर्वांत अधिक अडखळतो तो या दोन ठिकाणी, आणि मराठी त्याला सर्वांत अधिक साह्य करू शकते तेही याच दोन ठिकाणी, असे माझे निश्चित मत आहे.

स्पॅनिशमध्ये ‘काहीतरी’साठी आल्गो आणि ‘काही नाही’साठी नादा, ‘कोणीतरी’साठी आल्गिएन आणि ‘कोणी नाही’साठी नादिए, ‘नेहमी’साठी सिएम्प्रे आणि ‘कधी नाही’साठी नुंका, ‘सुद्धा’साठी ताम्बिएन आणि ‘तोही नाही’साठी ताम्पोको, अशी शब्दांची जोडपी आहेत, आणि पाठ्यपुस्तके ती दोन रकान्यांत मांडून विद्यार्थ्याकडून घोकून घेतात. रकाने पाठ होतात. वाक्य मात्र साधत नाही. कारण या शब्दांचे मर्म त्यांच्या अर्थाइतकेच वाक्यातील त्यांच्या स्थानात आहे. नकारार्थी शब्द क्रियापदानंतर आला, तर क्रियापदाच्या आधी ‘नो’ हा नकार घालणे अवश्य असते. तोच शब्द क्रियापदाच्या आधी येऊन बसला, तर त्या ‘नो’ला जागा उरत नाही. ‘कोणी आले नाही’ हे ‘नो बिनो नादिए’ असेही म्हणता येते आणि ‘नादिए बिनो’ असेही. ‘नादिए नो बिनो’ मात्र म्हणता येत नाही. दोन नकार एका वाक्यात आले की त्यांचा होकार होतो, हा इंग्रजी व्याकरणाचा दंडक ज्याच्या मनावर शाळेपासून बिंबला आहे, तो ‘नो बिनो नादिए’ या वाक्यापाशी थबकतो आणि स्पॅनिश ही तर्काला न जुमानणारी भाषा आहे असा समज करून घेतो. वस्तुतः येथे तर्काचा भंग मुळीच नाही. नकार क्रियापदापूर्वी एकदा जाहीर झाला की पुढचे शब्द त्या नकाराशी मेळ राखतात, एवढाच हा व्यवहार आहे. ‘ना घर, ना दार, ना कोणी विचारणारे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातील नकारांची गणती करून कोणी होकार काढीत बसत नाही. आणि स्पॅनिशचे ‘नि… नि’ हे तंतोतंत या ‘ना… ना’च्या जातीचे आहे.

मराठीचा पक्ष घेताना तिची अडचणही सांगितली पाहिजे. मराठीत ‘कोणी’, ‘काही’, ‘कधी’ हे शब्द होकारात तेच आणि नकारातही तेच. ‘कोणी आले’ आणि ‘कोणी आले नाही’ यांतील सारा भेद वाक्याच्या शेवटी उमटतो. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याने ‘मला काही दिसत नाही’ हे वाक्य ‘नो बेओ आल्गो’ असे रचण्याचा संभव फार, आणि ‘नो बेओ नादा’ ही रचना त्याच्या जिभेवर प्रयत्नपूर्वक बसवावी लागते. शिवाय मराठी श्रोत्याला नकार कळण्यासाठी अखेरच्या शब्दापर्यंत थांबण्याची सवय असते, तर स्पॅनिश वक्ता तो क्रियापदाच्या आधीच उच्चारून मोकळा होतो. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्या मराठीच्या अडचणी आहेत, आणि दुसऱ्या भाषेच्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेले पुस्तक त्यांची दखल घेईल ही अपेक्षाच व्यर्थ होय.

याउलट काही ठिकाणी मराठी विद्यार्थ्याला आयतेच सुख आहे, आणि त्याची त्याला वार्ताही नसते. स्पॅनिशमध्ये कर्म मनुष्य असेल तर त्याच्या आधी ‘आ’ हे अव्यय लावतात, वस्तू असेल तर लावीत नाहीत. झाड पाहिले तर ‘आ’ नाही, हुआनला पाहिले तर ‘आ’ पाहिजे, आणि ‘आल्गिएन’ व ‘नादिए’ हे शब्द कर्म झाले की तो अवश्य पाहिजे. ‘मी कोणालाही पाहत नाही’ म्हणजे ‘नो बेओ आ नादिए’. इंग्रजीत याला प्रतिरूप नसल्यामुळे तेथील पुस्तकांना या एका अक्षरासाठी स्वतंत्र प्रकरण लिहावे लागते. ‘मी झाड पाहिले’ आणि ‘मी मुलाला पाहिले’ हा भेद लहानपणापासून पाळणाऱ्या मराठी मुलाला तोच नियम एका वाक्यात सांगून भागते. आणखी एक बाब पाठ्यपुस्तकांतून निसटते, ती ‘एन मी बीदा लो ए बिस्तो’ या वाक्याची. शब्दशः पाहता त्यात ‘माझ्या आयुष्यात’ आणि ‘त्याला पाहिले आहे’ एवढेच आहे, नकाराचा एकही शब्द नाही. तरी त्याचा अर्थ ‘उभ्या जन्मात त्याला पाहिलेले नाही’ असाच होतो. ‘आल्गूनो’ हा एरवी होकारार्थी असलेला शब्द नकारार्थी वाक्यात नामाच्या पाठीमागे गेला की तोही असाच पालटतो, आणि ‘नो आय प्रोब्लेमा आल्गूनो’ म्हणजे ‘काहीएक अडचण नाही’ असा ठाम नकार होतो. दोन रकान्यांच्या तक्त्यात हे बसत नाही, आणि जे तक्त्यात बसत नाही ते आपले विद्यार्थी बहुधा शिकतच नाहीत.

नकाराचा शब्द एखाद्या राष्ट्राच्या जीवनात किती भार वाहू शकतो, हे पाहावयाचे असेल तर अर्जेंटिनाकडे पाहावे. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या नागरिकांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने, ज्याचे अध्यक्ष कादंबरीकार एर्नेस्तो साबातो होते, १९८४ मध्ये आपला अहवाल सादर केला. तो ‘नुंका मास’, म्हणजे ‘पुन्हा कधीही नाही’, या नावाने प्रसिद्ध झाला, आणि पुढच्या वर्षी लष्करी नेत्यांवरील खटल्यात सरकारी वकील हूलियो स्त्रासेरा यांनी आपल्या भाषणाची अखेर याच दोन शब्दांनी केली. २०१५ मध्ये स्त्रियांच्या हत्यांविरुद्ध ब्यूनॉस आयरिसच्या रस्त्यांवर जो प्रचंड समुदाय उतरला, त्याची घोषणा ‘नि ऊना मेनोस’ होती: एकही कमी होता कामा नये. ज्या विद्यार्थ्याने ‘नुंका’ आणि ‘नि’ हे शब्द परीक्षेच्या गाळलेल्या जागा भरण्यापुरते शिकले, त्याला या घोषणांचे केवळ भाषांतर कळेल. त्या भाषेत नकार कोठे उभा राहतो हे ज्याच्या कानाला कळले, त्याला त्यांचा आवेगही कळेल.

आज्ञार्थाचे प्रकरण याहून समृद्ध आहे, आणि मराठीशी त्याचे नाते याहून निकटचे. जवळच्या एका व्यक्तीला, जिला स्पॅनिश लोकही ‘तू’च म्हणतात, ‘बोल’ असे सांगावयाचे तर ‘आब्ला’; पण ‘बोलू नकोस’ असे सांगावयाचे तर ‘नो आब्ला’ म्हणून चालत नाही, ‘नो आब्लेस’ म्हणावे लागते. इंग्रजी क्रियापद होकारात आणि मनाईत एकच राहते, म्हणून त्या वाटेने आलेला विद्यार्थी ‘नो आब्ला’ म्हणून मोकळा होतो आणि मनाई करण्याऐवजी ‘तो बोलत नाही’ असे विधान करून बसतो. मराठीत आपण ‘बोल नको’ म्हणतो काय? ‘बोल’चे ‘बोलू’ होते आणि त्याला ‘नकोस’ जोडले जाते; म्हणजे मनाई करताना क्रियापदाने रूप पालटावे हा दस्तूर आपल्या अंगवळणी पडलेलाच आहे. संस्कृत जाणणाऱ्याला तर यात नवल वाटण्याचे काहीच कारण नाही, कारण तेथे ‘मा’ या निषेधवाचक अव्ययाबरोबर लुङ् लकाराचे रूप येते आणि त्याचा आरंभीचा अडागम पाणिनीच्या नियमाने गळतो. आणि स्पॅनिशची जननी जी लॅटिन, तिच्या शिष्ट गद्यातही मनाईसाठी सरळ आज्ञार्थ योजीत नसत. ‘कर’ आणि ‘करू नकोस’ हे एकाच आज्ञेचे दोन पैलू नसून दोन निराळ्या वृत्ती आहेत, हे या सर्व भाषांनी जाणले होते.

स्पॅनिशमध्ये मनाईसाठी जे रूप वापरतात, ते इच्छा, विनंती आणि संशय यांसाठी योजिले जाणारे रूप होय. त्याला तेथील वैयाकरण ‘सुब्हुन्तीबो’ म्हणतात. आणि हेच रूप आदरार्थी आज्ञेलाही लागते. ‘उस्तेद’ हा आदरवाचक शब्द ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या संबोधनाचा झिजून झालेला अवशेष आहे, आणि म्हणून त्याचे क्रियापद तृतीय पुरुषात चालते. पाहुणा दारात आला की ‘पासे उस्तेद, सिएन्तेसे’ असे म्हणतात. याचे इंग्रजीत भाषांतर करताना आदर नाहीसा होतो. परंतु ‘साहेबांनी आत यावे, बसावे’ असे म्हटले की तृतीय पुरुषही राहतो, विध्यर्थही राहतो आणि अदबही राहते. दादोबा पांडुरंगांचे १८३६ चे व्याकरण आणि मोरो केशव दामल्यांचे १९११ चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ ज्यांच्यामागे उभी आहेत, त्यांना आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांतील भेद परक्या भाषेतून समजून घेण्याची गरज का पडावी? ‘ये’, ‘या’, ‘यावे’ आणि ‘येऊ नकोस’, ‘येऊ नका’, ‘येऊ नये’ या सहा रूपांत स्पॅनिश आज्ञेचा जवळजवळ सारा विस्तार सामावतो. ‘जाऊ या’ हे सातवे त्यांच्या ‘बामोस’च्या जागी ठेवावे, म्हणजे काम पुरे झाले.

येथेच आणखी एक साम्य नमूद करण्याजोगे आहे. स्पॅनिश भाषकांच्या देशांतील भिंतींवर, संग्रहालयांत आणि उद्यानांत ‘नो फुमार’, ‘नो तोकार’ अशा पाट्या असतात. त्यांत क्रियापद आज्ञार्थात नसून ‘धूम्रपान न करणे’, ‘हात न लावणे’ अशा मूळ भाववाचक रूपात असते, कारण पाटीला समोरचा मनुष्य कोण हे ठाऊक नसते. स्पेनची शाही भाषा-अकादमी, जी १७१३ मध्ये स्थापन झाली, अशा सार्वजनिक सूचनेत हे रूप ग्राह्य मानते, समोरच्या व्यक्तींना उद्देशून ते वापरणे मात्र शिष्टसंमत मानीत नाही. आपल्या मोडी दफ्तरांतील पत्रे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ‘पाठविणे’, ‘ताकीद करणे’, ‘उपसर्ग न देणे’ अशा हुकमांची रूपे स्मरतील.

रूपांची यादी मी येथे देत नाही. ‘सांग’, ‘कर’, ‘जा’, ‘ठेव’, ‘नीघ’, ‘हो’, ‘धर’, ‘ये’ या अर्थांची आठ क्रियापदे आज्ञार्थात अनियमित चालतात, ‘दी’, ‘बेन’, ‘साल’ अशी एकाक्षरी होतात, आणि ती पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. सर्वनामांचा क्रम मात्र समजून घेण्याचा विषय आहे: ‘मला ते सांग’ म्हणताना दोन्ही सर्वनामे क्रियापदाच्या शेपटीला चिकटून ‘दीमेलो’ असा एकच शब्द होतो, आणि ‘सांगू नकोस’ म्हणताना तीच सुटी होऊन ‘नो मे लो दीगास’ अशी क्रियापदाच्या आधी येतात. मराठीत याला जोड नाही. येथे सराव हाच इलाज.

परंतु रूपे साधली तरी आज्ञा कोणी कोणाला कशी करावी हे शिकल्याखेरीज ती भाषा आली असे म्हणता येणार नाही. इंग्रजी शिष्टाचारात वाढलेला विद्यार्थी आज्ञार्थाला उद्धट मानून प्रत्येक विनंतीभोवती ‘शक्य असल्यास’ आणि ‘कृपया’ यांची आरास मांडतो, आणि माद्रिदच्या उपाहारगृहात ‘मला एक कॉफी दे’ असे सरळ म्हणणारी माणसे पाहून अचंबित होतो. मराठी गिऱ्हाईक वाण्याच्या दुकानात ‘दोन किलो तांदूळ द्या’ म्हणते, त्यात कोणाला उद्धटपणा दिसतो? स्पेनमध्ये दूरध्वनी उचलणारा ‘दीगा’ म्हणतो. आपला दुकानदार ‘बोला’ म्हणतो. मेक्सिकोत मोठ्यांनी हाक मारली की मुले ‘मान्दे’ म्हणतात, म्हणजे आज्ञा करावी. देशपरत्वे हा व्यवहार फार बदलतो, आणि तो एका पुस्तकात कोंडता येत नाही: स्पेनमध्ये अनेक आप्तांना उद्देशून जे ‘बोसोत्रोस’ वापरतात ते अमेरिकेत बोलण्यातून पार गेले आहे, बोगोतासारख्या शहरात घरातील माणसांनाही ‘उस्तेद’ म्हणण्याची रीत आहे, आणि अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ येऊन ‘ये’ला ‘बेन’ऐवजी ‘बेनी’ म्हणतात. आंद्रेस बेयो यांच्यासारख्या थोर वैयाकरणाने, ज्यांनी १८४७ मध्ये खास अमेरिकेतील लोकांसाठी कास्तिलियन भाषेचे व्याकरण लिहिले, चिलीतील या ‘बोस’चा निषेध केला होता, तरीही ते रूप लोकांच्या तोंडी टिकून राहिले. भाषेला हुकूम करणाऱ्यांचा हुकूम भाषा नेहमीच ऐकते असे नाही.

या भाषेतील हुकमाचा इतिहासही विद्यार्थ्यापासून लपवून ठेवू नये. आंतोनियो दे नेब्रिहा यांचे कास्तिलियन व्याकरण १४९२ मध्ये, कोलंबसाच्या सफरीच्या वर्षीच, प्रसिद्ध झाले. त्यानंतर १५१३ मध्ये ‘रेकेरिमिएन्तो’ नावाचा एक मसुदा तयार करण्यात आला. अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी ख्रिस्ती धर्मसत्तेचे आणि स्पेनच्या राजसत्तेचे स्वामित्व कबूल करावे, न केल्यास युद्ध आणि दास्य यांना तेच जबाबदार राहतील, असा त्याचा आशय होता, आणि तो त्यांना न समजणाऱ्या भाषेत, कधी कधी तर ओस पडलेल्या वस्त्यांपुढे, वाचून दाखविला जाई. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने त्याविषयी लिहिताना हसावे की रडावे हे कळत नाही असे म्हटले, यात सर्व आले. पुढे त्याच साम्राज्याच्या कारभारात एक विलक्षण तोडगा रूढ झाला: सातासमुद्रांपलीकडून आलेले राजाचे फर्मान स्थानिक अधिकारी चुंबून मस्तकी धरी आणि ते तेथील परिस्थितीला विपरीत असेल तर ‘ओबेदेस्को पेरो नो कुम्प्लो’ म्हणे, हुकूम शिरसावंद्य आहे, परंतु अंमल करीत नाही. होकार, नकार आणि आज्ञा हे तिन्ही विषय या एका वाक्यात आले आहेत.

आक्षेप येईल तो असा की परकीय भाषा तिच्या स्वतःच्याच माध्यमातून शिकवावी, मातृभाषा वर्गाबाहेर ठेवावी, हीच आधुनिक पद्धती आहे. लहान मुलांच्या बाबतीत मी ती बिनतक्रार मान्य करीन. परंतु वीस वर्षांचा विद्यार्थी तुलना केल्यावाचून राहत नाही. शिक्षकाने वर्गात मना केली तर तो ती मनात करतो, आणि ती कोणत्या भाषेशी करावयाची एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. आज तो ती इंग्रजीशी करतो, कारण हाती पुस्तक इंग्रजी असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढणाऱ्या मराठी मुलांचा प्रश्नही याच जातीचा आहे: तेथील शाळांत सर्वाधिक शिकविली जाणारी परकीय भाषा स्पॅनिश आहे, आणि घरात मराठी बोलणाऱ्या आईला त्या अभ्यासात मदत करण्याइतके भांडवल स्वतःजवळ आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. गोव्यातील ज्या वडीलधाऱ्यांचे शिक्षण १९६१ पूर्वी पोर्तुगीजमधून झाले, त्यांना मी सांगतो ते नवे वाटणार नाही, कारण दोन नकारांचा आणि मनाईच्या निराळ्या रूपाचा हाच व्यवहार पोर्तुगीजमध्येही आहे. ती पिढी आहे तोवर तिच्या अनुभवाचा उपयोग करून घेतला पाहिजे.

थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले. विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण इंग्रजीत लिहून १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे प्रसिद्ध केले. परक्यांनी आमच्या भाषा शिकण्यासाठी आपल्या सोबत्यांना कळणाऱ्या भाषेत ग्रंथ रचण्याचे कष्ट घेतले, कारण आपल्या माणसाला कोठे ठेच लागेल हे आपल्याच माणसाला कळते हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्रातील आणि गोव्यातील विद्यापीठांच्या परकीय भाषा विभागांना, तसेच स्पॅनिश शिकून परतलेल्या आणि मराठी चांगली लिहू शकणाऱ्या तरुण अध्यापकांना माझी विनंती आहे की त्यांनी स्पॅनिशचे एक सविस्तर, तौलनिक व्याकरण मराठीतून लिहिण्याची तजवीज करावी, त्यातील उदाहरणे आपल्या घरातील आणि बाजारातील असावीत, आणि संपूर्ण ग्रंथ सिद्ध होण्याची वाट न पाहता नकाराचे आणि आज्ञार्थाचे ही दोन प्रकरणे प्रथम लिहून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत.